कोणते जोशी?

पुण्यात सदाशिव पेठेत जाऊन एखाद्या दुकानदाराला ‘जोशी कुठे राहतात हो?’ असे विचारण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. केलेच, तर उत्तराऐवजी प्रश्न येतो, ‘कोणते जोशी?’ विचारणारा खिशातली चिठ्ठी उलगडून पूर्ण नाव वाचून दाखवतो. तेवढ्याने भागत नाही. शाळेत मास्तर होते ते, की बँकेतून निवृत्त झाले ते? ज्यांची मुलगी अमेरिकेत असते ते, की ज्यांचा कुत्रा येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकतो ते? पाहुण्याला मुलगी ठाऊक नसते आणि शाळाही ठाऊक नसते. पण मागच्या खेपेला कुत्र्याने धोतर धरले होते, हे त्याला नेमके आठवते. नावाने सुरू झालेला शोध असा कुत्र्यावर येऊन संपतो आणि गंमत म्हणजे पत्ता अचूक सापडतो.

सांगली-कोल्हापूरकडे हाच प्रकार पाटलांच्या बाबतीत होतो, तर मराठवाड्यात देशमुख आणि देशपांडे यांच्या. याचे कारण आपल्या आडनावांच्या जन्मातच आहे. पाटील हा गावाचा प्रमुख, कुलकर्णी हा गावाचे हिशेब आणि दप्तर सांभाळणारा, देशमुख-देशपांडे हे परगण्याचे वतनदार आणि जोशी हे पंचांग पाहणारे. ही माणसांची नावे नव्हती, कामाची नावे होती. जितकी गावे तितके पाटील आणि तितकेच कुलकर्णी. गावात एकच पाटील-घराणे होते तोवर अडचण नव्हती. पुढे इंग्रजी अमदानीत शाळा, कोर्टकचेऱ्या आणि नोकऱ्या आल्या, प्रत्येकाला हजेरीपटावर आडनाव लावावे लागले आणि चारशे गावांचे कुलकर्णी मुंबईच्या एकाच कचेरीत शेजारी शेजारी येऊन बसले. त्या दिवसापासून ‘कोणते?’ हा प्रश्न आपल्या मागे लागला आहे.

त्यात आपली नावे ठेवण्याची रीत. नातवाला आजोबांचे नाव, नातीला आजीचे, नाही तर राशीच्या अक्षरावरून काढलेले, आणि तेही जमले नाही तर त्या वर्षी गाजलेल्या सिनेमातल्या नायकाचे. परिणाम असा की, एका पिढीच्या वर्गात पाच संतोष आणि चार सुनीता हमखास सापडत. मास्तर मग ‘संतोष पी.’ आणि ‘संतोष डी.’ करीत. मुले त्याहून हुशार. ती ‘मोठा संत्या’, ‘बारका संत्या’ आणि ‘चष्मेवाला संत्या’ अशी वर्गवारी करीत, आणि पन्नाशीत वर्गमित्रांचे संमेलन भरले तरी बारका संत्या बारकाच राहतो, मग त्याचे वजन शंभर किलो का असेना.

थोरले आणि धाकटे

नामसाधर्म्याचा हा घोळ आजचा नाही. मराठ्यांच्या इतिहासाचे पुस्तक उघडावे, तर तिथेही तोच प्रकार. शिवाजी महाराजांच्या थोरल्या बंधूंचे नाव संभाजी आणि महाराजांच्या थोरल्या पुत्राचे नावही संभाजी. पुढच्या पिढीत तर अधिकच मौज आहे. संभाजी महाराजांच्या मुलाचे मूळ नाव शिवाजी, आणि राजाराम महाराज व ताराबाई यांच्या मुलाचे नावही शिवाजी. संभाजी महाराजांचा हा शिवाजी मोगलांच्या कैदेत वाढला आणि शाहू या नावाने ओळखला जाऊ लागला. १७०७ साली तो सुटून आला आणि गादीसाठी काका-पुतण्यांच्या घराण्यांत कलह पेटला, तेव्हा दोन्ही बाजूंच्या वारसाचे पाळण्यातले नाव एकच होते. आजोबांच्या नावावर दोन्ही नातवांचा सारखाच हक्क होता. भांडण राहिले ते राज्यावरच्या हक्काचे.

या साताऱ्याच्या शाहू महाराजांचे निधन १७४९ साली झाले. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज जन्मले १८७४ साली, आणि त्यांचे जन्मनाव होते यशवंतराव घाटगे. १८८४ साली दत्तक गेल्यावर ते शाहू झाले. दोघांमध्ये सव्वाशे वर्षांचे अंतर आहे. तरीही परीक्षेच्या पेपरात साताऱ्याच्या शाहूंनी वसतिगृहे काढल्याचे आणि राजर्षींनी बाजीरावाला पेशवाईची वस्त्रे दिल्याचे वाचून इतिहासाचे शिक्षक कपाळाला हात लावतात.

पेशव्यांच्या घरी नातवाला आजोबांचे नाव हा नियम इतका पक्का की, बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी बाजीराव. त्यांच्याच काळात उदयाला आलेले नाना फडणवीस यांचे खरे नाव बाळाजी जनार्दन भानू, आणि नानांच्या आजोबांचे नावही बाळाजीच. बाळाजी बाजीरावांना घरात नानासाहेब म्हणत. १८५७ च्या लढ्यातले नानासाहेब वेगळे, ते दुसऱ्या बाजीरावाचे दत्तक पुत्र. म्हणजे एक नानासाहेब पानिपतच्या वर्षी वारले आणि दुसरे जवळजवळ शंभर वर्षांनी कानपुरात लढले. यावर लोकांनीच उपाय काढला. पहिले बाजीराव ते थोरले बाजीराव. माधवरावांपैकी पहिले थोरले माधवराव आणि दुसरे सवाई माधवराव. इंग्रजी इतिहासकार राजांना आकडे लावतात. आपण थोरले-धाकटे म्हणतो, कारण आपल्याला राज्यसुद्धा एकत्र कुटुंबासारखे दिसते.

गावांच्या नावांतही हीच युक्ती आहे. एका नावाची दोन गावे शेजारी वसली, तर मोठे ते बुद्रुक आणि लहान ते खुर्द. हे दोन्ही शब्द फारसीतून आलेले. वडगाव म्हटले की कोणते, हे विचारावेच लागते. वडगाव मावळ वेगळे, वडगाव शेरी वेगळे. पिंपळगाव म्हणून भागत नाही, बसवंत म्हणावे लागते. एस.टी.च्या खिडकीत ज्याने नुसते ‘एक पिंपळगाव द्या’ म्हणून तिकीट काढले, त्याची संध्याकाळ कुठे गेली असेल हे वाचकांनी आपापल्या अनुभवाने ताडावे.

आद्याक्षरांचा आधार

मराठी साहित्यात तर एकट्या कुलकर्ण्यांसाठी स्वतंत्र कपाट लागेल. कथाकार जी. ए. कुलकर्णी. समीक्षक वा. ल. कुलकर्णी, गो. म. कुलकर्णी, व. दि. कुलकर्णी आणि द. भि. कुलकर्णी. कवी वि. म. कुलकर्णी. ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ रचणारे कृ. पां. कुलकर्णी. मराठी लेखक आद्याक्षरे का लावतात, असे परप्रांतीय मंडळी विचारतात. त्यांनी ही यादी वाचावी. आद्याक्षरे गाळली, तर मराठी समीक्षा ही एकाच अफाट माणसाने लिहिली आहे असा समज व्हायचा.

जोश्यांचेही तसेच. ‘रागिणी’ ही कादंबरी लिहिणारे वामन मल्हार जोशी आणि ‘रणदुंदुभी’ हे नाटक लिहिणारे वामन गोपाळ जोशी हे समकालीन. दोघेही वामनराव, दोघेही जोशी, दोघेही लेखक. यातून वाट निघाली ती एका उपाधीने. नाटककार जोशी स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगून आलेले असल्यामुळे ते ‘वीर वामनराव’ झाले आणि कादंबरीकार तत्त्वचिंतकच राहिले. वाईला विश्वकोशाचे काम उभे करणारे लक्ष्मणशास्त्री जोशी आणि पुण्यात भारतीय संस्कृतिकोश सिद्ध करणारे, मूळचे गोव्याचे महादेवशास्त्री जोशी, हे दोघे तर जोशीही आणि शास्त्रीही. शिवाय दोघेही कोशकार. एकाचे पत्र दुसऱ्याला गेले असते, तर त्यात पोस्टमनचा दोष काढता आला नसता.

नावांच्याही लाटा असतात. वसंत हे नाव घ्या. मराठी चित्रपटसंगीतात वसंत देसाई, वसंत पवार आणि वसंत प्रभू हे तिघे एकाच काळात काम करीत होते. गायनात वसंतराव देशपांडे, नाटकात वसंत कानेटकर, कवितेत वसंत बापट, वगनाट्यात वसंत सबनीस, विज्ञानात वसंत गोवारीकर आणि मुख्यमंत्रिपदावर आधी वसंतराव नाईक व पुढे वसंतदादा पाटील. एका पिढीने महाराष्ट्राचा कारभार, गाणे, नाटक आणि अवकाशविज्ञान हे सगळे वसंतांच्या हाती दिले होते, असे म्हटले तरी चालेल.

सुलोचना हे नाव असेच तिघींनी गाजवले. मूकपटांच्या जमान्यातली सुलोचना म्हणजे रूबी मायर्स, ज्यांना १९७३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. दुसऱ्या सुलोचना लाटकर, म्हणजे मराठी-हिंदी पडद्यावरच्या सर्वांच्या सुलोचनादीदी. तिसऱ्या लावणीसम्राज्ञी सुलोचना चव्हाण. घरातल्या आजीने ‘सुलोचनाबाईंचं गाणं लावा’ म्हणावे आणि नातवंडांनी दीदींचा चित्रपट लावावा, हा प्रसंग अनेक घरांतला आहे. सुलोचना चव्हाण डिसेंबर २०२२ मध्ये गेल्या आणि दीदी जून २०२३ मध्ये. सहा महिन्यांच्या अंतराने महाराष्ट्राने दोन सुलोचना गमावल्या. दुसरी बातमी ऐकून ‘अहो, त्या मागेच नाही का गेल्या?’ असे म्हणणारे अनेक जण भेटले.

हल्लीचे उदाहरण हवे असेल तर उमेश कुलकर्णी घ्या. एक १९६७-६८ मध्ये भारताकडून कसोटी क्रिकेट खेळलेले डावखुरे गोलंदाज आणि दुसरे ‘वळू’ आणि ‘देऊळ’ या चित्रपटांचे दिग्दर्शक. शरद जोशी म्हटले की आपल्याला शेतकरी संघटना आठवते. हिंदी वाचकाला त्याच नावाचे विनोदी लेखक आठवतात. एकाच गाडीच्या डब्यात बसलेला मराठी शेतकरी आणि हिंदीचा प्राध्यापक ‘शरद जोशींनी सरकारला काय झोडपलंय!’ या वाक्यावर तासभर एकमेकांना दाद देऊ शकतील आणि दोघांनाही आपण भलत्याच माणसाबद्दल बोलतो आहोत याचा पत्ता लागणार नाही.

संतसाहित्यात मात्र हा घोळ हसून सोडून देण्यासारखा नाही. तेराव्या-चौदाव्या शतकातले संत नामदेव आणि त्यांच्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी, एकनाथांच्या काळात होऊन गेलेले विष्णुदास नामा हे वेगळे कवी. पण दोघांच्याही रचनेत ‘नामा’ ही मुद्रा. शतकानुशतके हस्तलिखिते उतरवून घेणाऱ्यांनी एकाचे अभंग दुसऱ्याच्या गाथेत घातले. कोणता अभंग कुणाचा, हे भाषेवरून निवडत बसण्यात संशोधकांच्या पिढ्या खर्ची पडल्या. नाव सारखे असले की, श्रेयाची वाटणी अशी परस्पर होऊन जाते.

चुकून आले आणि जिंकून गेले

दिल्लीतही एकदा जोश्यांचा मेळ जमला होता. २००२ ते २००४ या काळात मनोहर जोशी लोकसभेचे अध्यक्ष होते आणि त्याच सभागृहात मुरलीमनोहर जोशी मनुष्यबळ विकास खात्याचे मंत्री होते. एक मूळचे रायगड जिल्ह्यातले आणि दुसरे उत्तर भारतातले. नावात फरक काय तो एका मुरलीचा. महाराष्ट्रात मात्र सुधीर जोशी म्हटले की, शिवसेनेचे नेते की रंगभूमीवरचे विनोदी नट, हे बोलण्याच्या संदर्भावरूनच ओळखावे लागे.

नावाच्या घोटाळ्याचे सर्वांत गोड फळ मिळाले ते क्रिकेटमध्ये. १९ डिसेंबर २०२३ रोजी दुबईत आयपीएलच्या खेळाडूंचा लिलाव चालू होता. शशांक सिंग हे नाव पुकारले गेले. पंजाब किंग्जच्या टेबलावरून हात वर झाला आणि २० लाखांच्या मूळ किमतीला हातोडा पडला. मग त्या टेबलावर कुजबुज सुरू झाली. यादीत शशांक सिंग नावाचे दोन खेळाडू होते. आपल्याला हा नको होता, असा त्यांचा सूर दिसला. लिलाव पुकारणाऱ्या मल्लिका सागर यांनी सांगितले की, हातोडा पडला आहे, आता सौदा पक्का. पुढे संघाने खुलासा केला की, हा खेळाडू आमच्या यादीत होताच, सारख्या नावामुळे गोंधळ झाला. खुलाशावर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. पण ४ एप्रिल २०२४ रोजी अहमदाबादेत गुजरातच्या संघाविरुद्ध २०० धावांचा पाठलाग करताना याच शशांकने २९ चेंडूंत नाबाद ६१ धावा काढून सामना जिंकून दिला. पुढच्या मोसमासाठी पंजाबने त्याला साडेपाच कोटी रुपये मोजून संघात राखले. २० लाखांचा ‘चुकीचा’ माणूस वर्षभरात इतका महाग होतो, हे वाचून अनेक संघांना आपल्या यादीत एखादी चूक असावी असे वाटले असेल.

त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे, म्हणजे हसता हसता थोडे थांबायला होते. भर सभेत, टीव्हीवर, आपले नाव पुकारले जाते आणि लगेच कळते की, यांना आपण नको होतो. बॅट हातात असलेल्या माणसाला उत्तर देण्याची संधी मिळाली. प्रत्येकाला ती मिळतेच असे नाही.

मतपत्रिकेवरचे जुळे

निवडणुकीत नामसाधर्म्य हे अपघाताने येते तसे ठरवूनही आणले जाते. २०१४ साली रायगड लोकसभा मतदारसंघात अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांचा २,११० मतांनी पराभव केला. त्याच निवडणुकीत सुनील तटकरे याच नावाचे आणखी एक अपक्ष उमेदवार उभे होते आणि त्यांना नऊ हजारांहून अधिक मते पडली होती. ती सारी चुकून पडली असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण पराभूत उमेदवाराला त्या रात्री झोप लागली नसेल, एवढे नक्की. २०१९ साली तटकरे त्याच मतदारसंघातून निवडून आले.

केरळात २००४ साली आलप्पुळा मतदारसंघात व्ही. एम. सुधीरन १,००९ मतांनी हरले आणि व्ही. एस. सुधीरन नावाच्या अपक्षाने आठ हजारांहून अधिक मते घेतली. २०१६ च्या विधानसभा निवडणुकीत मंजेश्वरम येथे के. सुरेंद्रन केवळ ८९ मतांनी पडले. तिथे के. सुंदरा या उमेदवाराला ४६७ मते होती. छत्तीसगडमध्ये महासमुंद येथे २०१४ साली भाजपचे चंदूलाल साहू उभे होते. त्यांच्याखेरीज चंदूलाल किंवा चंदूराम साहू या नावाचे आणखी दहा जण रिंगणात होते. म्हणजे क्रिकेटचा अख्खा संघ. त्यातूनही खरे साहू १,२१७ मतांनी निवडून आले, यात मतदारांच्या डोळ्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे. २०२४ साली तमिळनाडूचे माजी मुख्यमंत्री ओ. पनीरसेल्वम रामनाथपुरममधून अपक्ष उभे राहिले, तेव्हा त्यांच्याबरोबर आणखी पाच ओ. पनीरसेल्वम उभे होते.

महाराष्ट्रात २०२४ साली दिंडोरीत नाव आणि चिन्ह यांचा दुहेरी घोळ झाला. शरद पवारांच्या पक्षाचे भास्कर भगरे यांचे चिन्ह होते तुतारी वाजवणारा माणूस. भगरे याच आडनावाच्या एका अपक्षाला नुसती तुतारी मिळाली. भास्कर भगरे एक लाखावर मताधिक्याने निवडून आले खरे, पण त्या अपक्षाच्या पारड्यातही एक लाखाहून अधिक मते पडली.

यावर कायद्याने काय करावे? १९६१ च्या निवडणूकविषयक नियमांत एक छान तरतूद आहे. दोन उमेदवारांचे नाव सारखे असेल, तर व्यवसाय, राहण्याचे ठिकाण किंवा अन्य काही तपशील जोडून त्यांच्यात फरक दाखवावा. म्हणजे ‘शाळेत मास्तर होते ते’ आणि ‘वरच्या आळीतले ते’ ही पेठेतल्या दुकानदाराची पद्धतच कायद्याने उचलली आहे. तेवढ्याने भागेना, म्हणून १ मे २०१५ पासून मतदान यंत्रावर उमेदवारांचे छायाचित्र छापण्यास सुरुवात झाली. मे २०२४ मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर गेला, तेव्हा आईवडिलांनी ठेवलेल्या नावामुळे कोणाचा निवडणूक लढवण्याचा हक्क कसा काढून घेणार, असा सवाल करून न्यायालयाने याचिका ऐकण्यास नकार दिला. ते बरोबरच आहे. नाव कोणाच्याही मालकीचे नसते. पण त्याच न्यायाने नाव वाचून बटण दाबणाऱ्या मतदारावर दुप्पट काळजीची जबाबदारी येते. त्याचे मत एकदाच जाते, आणि चुकून गेले तर पाच वर्षांसाठी जाते.

चोर सोडून संन्याशाला

घरगुती घोटाळे आपण वर्षानुवर्षे चवीने सांगतो. एका इमारतीत दोन मंगल कार्यालये, दोन्हीकडे कुलकर्ण्यांचे लग्न. मंडळी जेवून, आहेराचे पाकीट देऊन, वधूला आशीर्वाद देऊन बाहेर पडतात आणि मग जिन्यात खरे यजमान भेटतात. वर्तमानपत्रात निधनाची छोटी जाहिरात येते आणि त्याच नावाच्या धडधाकट गृहस्थांच्या दारात सकाळी सकाळी पांढऱ्या कपड्यांतले चारजण उभे राहतात. दार उघडणारे तेच असतात. अशा वेळी ‘या, चहा घ्या’ म्हणण्याइतका दिलदारपणा ज्यांच्याकडे असतो, त्यांना शंभर वर्षे आयुष्य लाभो.

पण पैसा, औषध आणि पोलीस या तीन ठिकाणी नामसाधर्म्य विनोदी राहत नाही. बँकेचे उदाहरण घ्या. दुसऱ्याच्या खात्यात इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पैसे पाठवताना आपण नाव लिहितो, खाते क्रमांकही लिहितो. रिझर्व्ह बँकेने २०१० सालीच स्पष्ट केले होते की, पैसे जमा होताना बँका केवळ खाते क्रमांक पाहतील. नाव आपल्या समाधानासाठी. एक आकडा चुकला की, रक्कम भलत्याच्या खात्यात. त्यानंतर अनेक वर्षांनी, १ एप्रिल २०२५ पर्यंत, पैसे पाठवण्यापूर्वी खातेदाराचे नाव पडद्यावर दाखवण्याची सोय करण्यास बँकांना सांगण्यात आले. ही सोय झाली असली तरी दोन गोष्टी आपल्याच हाती आहेत. दिसलेले नाव वाचायचे, आणि आपल्याला हव्या असलेल्याच जोश्यांचा तो क्रमांक आहे ना, हे त्यांना फोन करून विचारायचे.

रुग्णालयात एकाच वॉर्डात एका नावाचे दोन रुग्ण असणे ही रोजची गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली रुग्णसुरक्षेचे उपाय सुचवले, त्यात रुग्णाची ओळख निदान दोन खुणांनी पटवावी आणि खाटेचा किंवा खोलीचा क्रमांक ही खूण धरू नये, असे आवर्जून सांगितले आहे. कारण खाट बदलते. नर्सबाई इंजेक्शन देण्याआधी पूर्ण नाव आणि जन्मतारीख पुन्हा विचारतात, तेव्हा ‘सकाळीच तर सांगितलं’ म्हणून आपण वैतागतो. वैतागू नये. त्या आपल्या हितासाठीच ‘कोणते जोशी?’ हा प्रश्न विचारीत असतात. त्याच उपायांच्या यादीत एकसारख्या दिसणाऱ्या आणि ऐकू येणाऱ्या औषधांच्या नावांबद्दलही इशारा आहे. माणसांप्रमाणे गोळ्यांनाही नामबंधू असतात.

आणि वॉरंट भलत्याच्या दारात आले, तर ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ ही म्हण अक्षरशः खरी होते. सारख्या नावामुळे भलत्यालाच पकडल्याची आणि पुढे न्यायालयाने पोलिसांना खडसावल्याची उदाहरणे देशात घडली आहेत. नाव सारखे, वडिलांचे नाव वेगळे, पत्ता वेगळा. एवढा फरक पाहायला दोन मिनिटे लागतात. न पाहिल्यास एखाद्याची इभ्रत जाते.

दोन यमुना

आतापर्यंत एका नावाची दोन माणसे पाहिली. आपल्याकडच्या बायकांच्या नशिबी याच्या उलट प्रकार आला. माणूस एक आणि नावे दोन. रमाबाई रानडे यांचे माहेरचे नाव यमुना कुर्लेकर. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे माहेरचे नावही यमुनाच, आणि माहेरचे आडनाव जोशीच. लग्नाने आडनाव बदलले नाही, म्हणून की काय, नाव तेवढे बदलले. त्याच काळात पंडिता रमाबाईही होत्या. १८८२ साली त्या पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, त्यात रमाबाई रानडे जात. एकाच समाजात दोन रमाबाई. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाहबद्ध झाली आणि तिचे नाव झाले आनंदीबाई. आनंदीबाई जोशी आणि आनंदीबाई कर्वे यांच्यात विद्यार्थ्यांचा घोळ होतो. पण त्यांतली एक यमुना होती आणि दुसरी गोदू होती, हे किती जणांना ठाऊक असते? ज्यांनी आपले वेगळेपण इतक्या कष्टाने सिद्ध केले, त्यांची पाळण्यातली नावे लग्नाच्या बोहल्यावरच पुसली गेली होती.

हा जुना इतिहास नव्हे. पदवीचे प्रमाणपत्र माहेरच्या नावाने, रेशनकार्ड सासरच्या, पॅनकार्डावर एक स्पेलिंग आणि आधारवर दुसरे, अशी कागदपत्रे घेऊन आजही बायका कचेऱ्यांच्या खिडक्यांसमोर उभ्या असतात. ‘सदर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे’ असे प्रतिज्ञापत्र त्यांना करून द्यावे लागते. कधी राजपत्रात नाव छापून आणावे लागते. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधारपत्र नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. त्यानंतर प्रत्येकाला स्वतःचा बारा आकडी क्रमांक मिळाला, पण आकडा एक असला तरी नावाचा घोळ संपला नाही. साहेब अजून ‘हे नाव जुळत नाही’ म्हणून फाईल परत करतात.

मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने एक निर्णय घेतला. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम सरकारी कागदपत्रांसाठी ठरला. निर्णय झाला तो आईला मान देण्यासाठी. पण त्यातून एक व्यावहारिक लाभही सहज झाला आहे. उद्याच्या वर्गात दोन मुलांचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव तंतोतंत सारखे निघाले, तरी आईच्या नावाने ती वेगळी ओळखू येतील.

चाळीतल्या पोरांना हे सरकारी निर्णयाआधीच ठाऊक होते. संध्याकाळी कठड्यावरून कोणीतरी ‘संतोऽऽष’ अशी हाक मारी, तेव्हा अंगणात खेळणारे पाचही संतोष मान वर करीत. घराकडे धावे तो मात्र एकच. बाकीचे चौघे पुन्हा खेळायला लागत.